जुनी विलायती रायफल : दुरुस्ती आणि जपणूक



जुन्या घराच्या माळ्यावर काय सापडेल ह्याचा नेम नाही. आजीचा पितळी डबा निघतो, पणजोबांची पगडी निघते, मोडका पाळणा निघतो, सुरईचे बूच तेवढे सापडते आणि सुरई सापडत नाही. ह्या वस्तूंचे काय करायचे ते आपल्या बायकामाणसांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पितळेला चिंच लावावी, लाकडाला तेल द्यावे, कापडात कडुनिंबाचा पाला घालून ठेवावा. पण एक वस्तू अशी आहे, की तिच्या बाबतीत हे घरचे शहाणपण अपुरे पडते, इतकेच नव्हे तर अंगाशी येते. ती वस्तू म्हणजे शिकारीची जुनी विलायती रायफल. ती दुरुस्त करायची म्हणजे काय करायचे, कुणी करायचे, आणि मुख्य म्हणजे कुठे थांबायचे, ह्याबद्दल आज तुमच्याशी चार शब्द बोलणार आहे.

तुम्ही म्हणाल, आमच्या खेड्यात असली राजेरजवाड्यांची चीज कुठून येणार? पण तसे नाही. ठाणे-पालघरच्या जंगलपट्टीत लाकडाचे ठेकेदार होते, खोत-जमीनदार होते, जव्हारसारखे संस्थान होते. कोल्हापूर, सावंतवाडीकडेही शिकारीचा शौक मोठा. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातले संग्रहालय पाहिलेत तर त्या काळची शिकार आणि हत्यारे ह्यांची कल्पना येईल. राजवाड्यातले हत्यार संग्रहालयात गेले. पण ठेकेदाराच्या घरातले कुठे गेले? ते नातवाकडे आले. आणि नातवापुढे प्रश्न उभा राहिला.

असा एक प्रश्न माझ्यापर्यंत आला तो चंदनसारहून. विरारच्या पूर्वेला हे गाव. आता ते शहरात मिसळून गेले आहे. इमारती झाल्या, रिक्षा झाल्या. पण डोंगर फार दूर नाहीत. थोडे दक्षिणेला गेले की तुंगारेश्वरचे जंगल लागते. त्या जंगलाला २००३ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. इथल्या एका घरातला मुलगा माझ्या वर्गात शिकून गेलेला. त्याचे आजोबा लाकडाच्या धंद्यातले. त्यांच्याकडे परवान्याची रायफल होती, बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्स कारखान्याची, .३१८ जातीची. आजोबा वारले तेव्हा घरच्यांनी कायद्याप्रमाणे ती परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा केली. पुढे घरात तीन मते झाली. थोरले काका म्हणाले, विकून टाका. धाकटे काका म्हणाले, छान दुरुस्त करून आणू, खंडेनवमीला पूजा करू आणि अंगणात एक बार काढू. आजी म्हणाल्या, ती घरात असावी, बाकी मला काही कळत नाही. त्यात कुणीतरी सांगितले, की लेथवर काम करणारा एक माणूस आहे, तो चार दिवसांत आरशासारखी चकचकीत करून देतो. तो मुलगा मला विचारू लागला, "सर, करू का?" मी म्हटले, आधी ती वस्तू काय आहे ते तर समजून घेऊ.

आता पहा, बोल्टची रायफल म्हणजे काय? तुमच्या घराच्या दाराला आतून खिटी असते. पुढे सरकवली आणि खाली फिरवली की दार बंद. बोल्ट म्हणजे तशीच पोलादी खिटी. काडतूस नळीच्या मागच्या कोठीत ढकलायचे, खिटी फिरवायची. खिटीच्या पुढच्या टोकाला दोन जाड कान असतात, ते चौकटीतल्या खाचांत अडकतात. बार उडाला की आतल्या वायूचा सगळा धक्का ह्या दोन कानांवर येतो. खिटीच्या बाजूला एक लांब आकडी असते, ती रिकामे काडतूस ओढून बाहेर फेकते. ही रचना १८९८ साली जर्मनीतल्या पॉल मौझरने पूर्णत्वाला नेली. गंमत अशी, की आपण जिला विलायती रायफल म्हणतो तिचे काळीज पुष्कळदा जर्मन असते. इंग्रज कारखानदार मौझरचा सांगाडा विकत घेत आणि त्याला आपली नळी, आपला दस्ता, आपली नक्षी चढवीत. लंडनचे रिग्बी १८९८ पासून काही वर्षे मौझरचे इंग्लंडातले प्रतिनिधीच होते. वाघ, गवा, हत्ती अशा मोठ्या जनावरांसाठी दुनळी रायफल फार महाग पडे. त्या मानाने ही बोल्टची स्वस्त आणि दणकट. म्हणून जंगलखात्यातले साहेब, मळेवाले, ठेकेदार ह्यांच्या हाती ती आली.

.३१८ हा आकडा कशासाठी? इंग्रजांच्या काळी फौजेचे .३०३ काडतूस खासगी माणसाला वापरायची बंदी होती. दारूगोळा फौजेतून चोरीला जाऊन लोकांच्या हाती पडू नये, हे त्यामागचे धोरण. म्हणून शिकारीसाठी निराळ्या मापाची काडतुसे निघाली. पण ह्या आकड्यांवर भोळेपणाने विश्वास ठेवू नये, बरे का. .३१८ च्या गोळीचा खरा व्यास .३३० इंच आहे. .३०३ च्या गोळीचा .३११ च्या आसपास. तेव्हा आकड्यात आकडा जवळचा दिसतो म्हणून दुसरे काडतूस कोंबणे म्हणजे स्वतःच्या तोंडासमोर सुरुंग लावणे होय. आणि खरे .३१८ चे काडतूस आज बाजारात सहजी मिळत नाही. पुष्कळ जुन्या रायफली मुक्या झाल्या आहेत त्या मोडल्या म्हणून नव्हे. त्यांचा घास संपला म्हणून.

एके दिवशी आम्ही त्या विक्रेत्याकडे गेलो. त्याच्याकडे दुरुस्तीचाही परवाना होता. वयस्क कारागीर होता तो. त्याने पहिल्याप्रथम बोल्ट काढून टेबलावर ठेवला आणि कोठी रिकामी आहे ना ते बोट घालून पाहिले. मग नळी उजेडाकडे धरली आणि आम्हांला आत पाहायला सांगितले. नळीत वळसेदार खाचा असतात. त्यांच्यामुळे गोळी भोवऱ्यासारखी फिरत जाते आणि सरळ जाते. त्या खाचांत आम्हांला बारीक बारीक खड्डे दिसले, देवीच्या व्रणांसारखे.

हे खड्डे कशाने पडले? वसई-विरारच्या माणसाला हे समजायला वेळ लागू नये. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट नावाचे द्रव्य असे. बार उडाला की त्याचे पोटॅशियम क्लोराइड होई, म्हणजे मिठाचाच भाऊ. आपल्या मिठागरावरच्या मिठाला पावसाळ्यात पाणी सुटते की नाही? तसे हे मीठ नळीत बसून हवेतला ओलावा ओढून घेते, आणि पोलाद खाऊ लागते. तेलाने ते जात नाही, कारण मीठ तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळते. म्हणून जुने जाणते शिकारी तळावर परतले की आधी चुलीवर आधण ठेवीत. उकळते पाणी नळीतून ओतायचे, गरम नळी आपोआप वाळते, मग कोरडा बोळा फिरवायचा आणि शेवटी तेल. ज्याने हे केले त्याची रायफल टिकली. ज्याने नुसते तेल लावले त्याने मिठावर तेल लावले. त्यातून आपल्याकडे खोबरेल लावायची पद्धत. ते खवट होते, चिकटते, धूळ धरते. आणि हत्यार कातडी म्यानात घालून कपाटात ठेवणे ही तर गंजाला दिलेली पंगतच. कातडे ओलावा धरून ठेवते.

आता दुरुस्तीचे म्हणाल तर तिचे तीन भाग होतात : पोलाद, लाकूड आणि परीक्षा.

पोलादाचा भाग ऐकून तुम्हांला नवल वाटेल. जुन्या रायफलीचा तो गहिरा निळसर-काळा रंग, तो रंग नसून गंजच असतो. कारागीर नळी सोड्याने धुऊन तेलाचा लवलेश काढतो. मग सौम्य आम्लाचे पाणी लावून ती दमट जागी काही तास ठेवतो. तांबडा गंज चढतो. मग ती उकळत्या पाण्यात बुडवतो. उकळीत तांबड्या गंजाचे रूप बदलते आणि तो काळा, घट्ट होतो. वर सुटलेली भुकटी बारीक तारेच्या कुंच्याने झाडायची, आणि पुन्हा आम्लाचे पाणी, पुन्हा गंज, पुन्हा उकळी. असे सहा-आठ वेळा केले म्हणजे काळे कवच तयार होते, आणि तेल लावले की तेच पुढच्या गंजाला अडवते. शाळेतल्या विज्ञानाच्या गुरुजींना सांगतो, लोखंडाच्या दोन ऑक्साइडांतला फरक मुलांना शिकवायला ह्याहून चांगले उदाहरण नाही. एक पोखरते, दुसरे राखते.

लाकडाचा भाग म्हणजे दस्ता. तो बहुधा अक्रोडाचा. त्याला वारनीस नसते, जवसाचे तेल पुन्हा पुन्हा चोळून मुरवलेले असते. दस्त्याला पोचे आले असतील तर ओले फडके ठेवून वरून गरम इस्त्री फिरवतात. वाफेने दबलेले तंतू फुगून वर येतात. तुटलेले तंतू मात्र येत नाहीत. बोल्टच्या मागे, जिथे धक्का बसतो, तिथे बारीक चीर असेल तर ती आधी बुजवावी लागते. जवसाच्या तेलाचे फडके घडी करून कोपऱ्यात टाकू नये, मोकळे पसरून वाळवावे किंवा पाण्यात बुडवावे. ते तेल सुकताना उष्णता सोडते आणि घडीतले फडके आपोआप पेटू शकते. सुतारकाम करणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे.

तिसरा भाग परीक्षेचा. इंग्लंडात बंदुकीची नळी विकण्यापूर्वी नेहमीहून जबर बार भरून उडवून पाहतात. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ साली सनद मिळाली, बर्मिंगहॅमचे परीक्षागृह १८१३ च्या कायद्याने स्थापन झाले. तिथे पास झालेल्या हत्यारावर मुकुटाचे, अक्षरांचे बारीक ठसे मारतात. बोल्टवर आणि सांगाड्यावर एकच क्रमांक असतो, कारण ती जोडी एकमेकांसाठी घासून बसवलेली असते. दुसऱ्या रायफलीचा बोल्ट आत जाईल, बसेलही. पण काडतूस आणि बोल्ट ह्यांमध्ये केसाएवढी जास्त फट राहिली तरी काडतूस मागे फुटू शकते. ती फट डोळ्याला दिसत नाही, मापकानेच कळते.

म्हातारबुवा कारागिराने बोल्टचा क्रमांक पाहिला. जुळला. ठसे पाहिले. स्वच्छ होते. मग तो म्हणाला, "ठसे तेव्हाचे आहेत. नळी आजची आहे. मी ही साफ करीन, पण बार काढायला सांगणार नाही." एवढेच तो बोलला. धाकट्या काकांचा चेहरा उतरला. पण त्या माणसाने एका वाक्यात सगळे शास्त्र सांगितले होते. शंभर वर्षांमागे पास झालेली परीक्षा आज चालत नाही. ती आपल्या विद्यार्थ्यांना चालत नाही, तशी नळीलाही चालत नाही.

आता त्या लेथवाल्याचे काय? इथे कायदा आणि कसब एकाच ठिकाणी येऊन भेटतात. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे परवान्यावाचून रायफल बाळगता येत नाही. परवान्यावाचून दुसऱ्याची रायफल दुरुस्त करण्याचा धंदाही करता येत नाही. हत्यारावरचे नाव, क्रमांक किंवा खूण खोडणे, बदलणे हा त्याच कायद्याने स्वतंत्र गुन्हा आहे. लेथवर पॉलिश केले की काय होते? खड्ड्यांबरोबर ठसेही जातात. चार दिवसांत आरसा मिळतो, आणि आरशात पाहणारा गुन्हेगार ठरतो. वर त्या वस्तूची किंमतही मातीमोल होते, कारण तिची ओळखच पुसली गेली.

कायद्याच्या आणखी दोन-तीन गोष्टी सांगून ठेवतो. परवानाधारक वारला की हत्यार घरात ठेवून द्यायचे नाही. जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचे, पावती घ्यायची, आणि वारसाने आपल्या नावाने परवान्याचा अर्ज करायचा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात. जे हत्यार दुरुस्त करूनही चालणार नाही अशा अवस्थेतले, केवळ पुराणवस्तू म्हणून उरलेले, त्याला कायद्यात सूट आहे. पण ती सूट लागू आहे की नाही हे आपण ठरवायचे नाही, अधिकाऱ्याला दाखवून लेखी घ्यायचे. आणि लग्नात, मिरवणुकीत, सणाला हवेत बार काढण्याची हौस? निष्काळजीपणे असा बार काढून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्हीही होऊ शकते. वर गेलेली गोळी वर राहत नाही, एवढे तर लहान पोरालाही कळते. खंडेनवमीला परवान्याच्या हत्याराची पूजा खुशाल करावी. हळदकुंकू लागते, दारू लागत नाही.

रायफलीबरोबर भिंतीवर वाघाचे कातडे किंवा सांबराचे शिंग असेल तर तेही लक्षात घ्या. १९७० साली देशात वाघाच्या शिकारीवर बंदी आली, १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला, १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला आणि पहिल्या नऊ जंगलांत आपले मेळघाट होते. असल्या कातड्याला मालकीचे प्रमाणपत्र लागते. ते नसेल तर वनखात्याचा सल्ला घ्यावा.

म्हणजे मग ह्या रायफलीला आता अर्थ काय उरला? ह्याचे उत्तर मी एका दुसऱ्या रायफलीच्या गोष्टीने देतो. १९०७ साली जिम कॉर्बेट ह्यांनी चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारले. तिने चारशेंवर माणसे खाल्ली होती असे सांगतात. त्याबद्दल संयुक्त प्रांताचे नायब राज्यपाल सर जॉन हेवेट ह्यांनी कॉर्बेटना रिग्बीची .२७५ जातीची बोल्टची रायफल भेट दिली. दस्त्यावर चांदीची छोटी पट्टी बसवली आणि तिच्यावर हा मजकूर कोरला. पुढे रुद्रप्रयागचा बिबळ्या १९२६ साली ह्याच रायफलीने पडला. तेच कॉर्बेट उत्तर आयुष्यात कॅमेरा घेऊन वाघांमागे हिंडले, जंगल वाचवा म्हणून लिहू लागले. आणि त्यांचे ते नरभक्षकांचे जगप्रसिद्ध पुस्तक १९४४ साली कुठून प्रसिद्ध झाले म्हणता? आपल्या मुंबईतून, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या कचेरीतून. १९५५ साली कॉर्बेट केनियात वारले. ती रायफल त्यांच्या ह्याच प्रकाशनसंस्थेकडे गेली, २०१५ साली पुन्हा रिग्बी कारखान्याकडे आली, आणि पुढल्या वर्षी कुमाऊंत नेऊन लोकांना दाखवली गेली. ज्या कारखान्यात ती घडली त्याच कारखान्याच्या हाती ती आहे. मनात आणले तर आठ दिवसांत तिला नवी नवरी करतील. पण तिचा उडालेला रंग, झिजलेले कोपरे तसेच ठेवले आहेत. कारण तो रंग कॉर्बेटच्या हातांनी उडालेला आहे.

चंदनसारच्या घरी हे मी सांगितले तेव्हा आजी मधेच म्हणाल्या, "अहो मास्तर, त्या दांड्यावर एका बाजूला पांढुरकं झालंय ना, तिथं ह्यांचा गाल टेकायचा." मग त्या गप्प झाल्या. धाकट्या काकांनी त्यानंतर लेथवाल्याचे नाव काढले नाही. वारसाचा अर्ज झाला, कारागिराने नळीतला गंज थांबवला, चीर बुजवली, धातूला पातळ तेल दिले, आणि दस्त्याच्या त्या पांढुरक्या जागेला हात लावला नाही. बार काढायचा नाही असे घरातच ठरले. थोरले काका अजून म्हणतात, की विकली असती तर बरे झाले असते. त्यांचेही अगदीच चूक नाही; हत्यार सांभाळणे म्हणजे कुलपाची, परवान्याची, दरवर्षीच्या देखभालीची जबाबदारी. ज्याला ती झेपत नसेल त्याने कायदेशीर मार्गाने ते सोडून द्यावे, ह्यात कमीपणा नाही.

तेव्हा श्रोतेहो, दुरुस्ती दोन प्रकारची असते. एक वस्तूला पुन्हा कामाला लावते. नांगर, रहाट, शिलाईचे यंत्र ह्यांची दुरुस्ती अशीच करावी. दुसरी वस्तूचा नाश थांबवते आणि तिला बोलती ठेवते. पाटी झिजली म्हणून आपण गावच्या वीरगळावरची अक्षरे नव्याने कोरीत नाही. जिचे काम संपले आणि गोष्ट उरली, अशा वस्तूला ही दुसरी दुरुस्ती द्यावी.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. आपल्या गावात अशा जुन्या वस्तू कुणाकडे आहेत त्याची मुलांकडून टिपणे करवून घ्या. हत्यार वर्गात आणवू नका. त्याची गोष्ट आणवा. कुणी घेतले, कधी, कशासाठी, शेवटचे केव्हा वापरले, आणि का थांबवले. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर फार मोलाचे असते. जंगल कसे आटले, कायदा कसा आला, माणसाचे मन कसे पालटले, हे सारे त्या उत्तरात येते. आजीआजोबा आहेत तोवर ते विचारून घ्या. पोलादाचा गंज कारागीर थांबवू शकतो. आठवणीचा गंज थांबवायचे काम आपले आहे.